दुसऱ्या जोकनंतरची शांतता

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्टँड-अप कॉमेडीचे सात ओपन माइक, म्हणजे नव्या मंडळींना काही मिनिटं स्टेज देणारे शो, झाले. पाच मिनिटांचा सेट तोंडपाठ आहे, घरी घड्याळ लावून म्हटला तर बरोबर पाच मिनिटं भरतो. स्टेजवर मात्र दुसरा जोक पडला की बोलण्याचा वेग वाढतो आणि साडेतीन मिनिटांत सगळं संपतं. गेल्या वेळी मागच्या रांगेतून कुणीतरी "पुढचा बोलवा" असं ओरडलं आणि त्यानंतर काही सुचलंच नाही. तर क्राउड वर्क, म्हणजे प्रेक्षकांशी गप्पा मारत हसवणं, शिकावं का, हेकलरला, म्हणजे मध्येच ओरडणाऱ्याला, गप्प करणारी वाक्यं पाठ करून ठेवावीत का, आणि निदान मित्रांना तरी समोर आणून बसवावं का?

मी अकरा वर्षं हे काम करतेय. त्यातली शेवटची सहा-सात वर्षं नव्या मंडळींचे ओपन माइक होस्टही करते, त्यामुळे तुमच्यासारखे सेट स्टेजच्या कडेला उभं राहून शेकडो पाहिलेत. त्यावरून सांगते, हेकलर ही तुमची मोठी अडचण नाही. तो सात वेळांत एकदाच आला. साडेतीन मिनिटं मात्र बहुतेक दर वेळी झाली असणार. घरी भिंतीसमोर बोलताना जे पाच मिनिटं पुरतं, ते लोकांसमोर, थोडंफार हसू धरूनही, साडेतीन मिनिटांत संपतं. म्हणजे तुम्ही जवळजवळ दीडपट वेगाने बोलताय. त्या वेगात समोर काय चाललंय ते कुणालाही ऐकू येणार नाही, आणि ऐकू आलं नाही तर प्रेक्षक सांभाळणार कसे?

तुम्ही कुठे आणि कुणासमोर बोलताय यावर पुढचं बरंच अवलंबून आहे, हे आधी सांगून टाकते. ओपन माइकला बसलेल्यांतले निम्मे तर आपल्या नंबरची वाट बघणारे कॉमिकच असतात. त्यांनी तुमचा हाच सेट तीनदा ऐकलेला असतो आणि डोक्यात स्वतःची पहिली ओळ घोळत असते. त्यांची शांतता आणि तिकीट काढून आलेल्या लोकांची शांतता एका तराजूत तोलू नका. लाइनअपमध्ये पहिला नंबर असेल तर लोक अजून खुर्च्या सरकवत असतात. सतरावा असेल तर त्यांची हसण्याची ताकदच संपलेली असते. शिवाय प्रत्येकाची चाल वेगळी. कुणी मुळातच संथ, चेहरा न हलवता बोलणारं असतं. त्यांच्या सेटमध्ये हशे कमी पण मोठे येतात. तेव्हा पुढे जे सांगतेय ते सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

खोलीचाही हिशेब असतो. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोक रोजच्या आयुष्यात कधी हसतात याचा अभ्यास केला होता. माणूस एकटा असताना जितकं हसतो त्याच्या साधारण ३० पट जास्त तो इतरांच्या सोबतीत हसतो, असं त्याला आढळलं. साठ खुर्च्यांच्या खोलीत आठ माणसं आठ कोपऱ्यांत बसली असतील तर ती सोबत नव्हेच, ती आठ एकटी माणसं झाली. मुरलेल्या कॉमेडी क्लबमध्ये छत ठेंगणं, खुर्च्या चिकटून आणि प्रेक्षकांवर अंधार असतो तो याचसाठी. शेजारच्याचा खांदा हलला की आपलाही हलतो, आणि अंधारात आपल्याला हसताना कुणी बघत नसतं. म्हणून शो सुरू व्हायच्या आधी होस्टला गाठा आणि लोकांना पुढे बसवता येईल का ते विचारा. माइक हातात आल्यावर मात्र "जरा पुढे या ना" म्हणू नका. कुणी उठत नाही, आणि तुमचा पहिला शब्द वाया जातो.

आता त्या दुसऱ्या जोककडे येऊ.

दुसऱ्या वर्षी माझी अशी पक्की समजूत झाली होती की माझ्या एका बिटला, म्हणजे एकाच विषयावरच्या जोकांच्या तुकड्याला, कुणीच हसत नाही. चांगली चार-पाच पंचांची, म्हणजे हसू आणणाऱ्या ओळींची, बिट होती. एका सीनियरने विचारलं, "रेकॉर्डिंग ऐकलंस का?" ऐकलं नव्हतं, स्वतःचा आवाज सहन होत नाही ही सबब. त्या रात्री फोन खिशात ठेवून सेट केला आणि घरी जाऊन कानात घालून ऐकला. पहिल्या पंचनंतर हसू येत होतं. उजवीकडून दोघं, मग मध्येच एक बाई, मोठ्याने. आणि त्या बाईच्या "हा"च्या ऐन मधोमध माझा आवाज: "आणि मग काय झालं..." बाई गप्प. पुढच्या पंचला पुन्हा तेच; या वेळी हसू आणखी लवकर विझलं. चौथ्या पंचला खरंच कुणी हसलं नव्हतं. मला एवढीच शेवटची शांतता आठवत होती. आधीचे तीन हशे मीच कापले होते, तेही कान बंद ठेवून.

प्रेक्षक फार पटकन शिकतात. हसलं की पुढची ओळ बुडते हे दोनदा कळलं की तिसऱ्यांदा ते हसू आवरून धरतात. बिचारे तुमचं ऐकायलाच थांबलेले असतात. तुम्हाला वाटतं जोक पडला, म्हणून तुम्ही आणखी घाई करता, आणि हे असंच वाढत जातं. तुमच्या दुसऱ्या जोकचं असंच होतंय असा माझा दाट संशय आहे. जोकच वाईट असेल ही शक्यता आहेच, पण तेही रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय ठरवू नका.

तर करायचं काय? पंचचा शेवटचा शब्द बोललात की तोंड मिटा. अक्षरशः ओठ बंद. खोलीतल्या एका माणसाकडे बघा, नाकाने श्वास घ्या, मग पुढचं. मनात दोन आकडे मोजायला हरकत नाही. स्टेजवर ते दोन आकडे दोन तासांसारखे वाटतात, रेकॉर्डिंगमध्ये ऐकाल तर नेमके असतात. हसू आलं तर ते वर चढू द्या, उतरायला लागलं की बोला. पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी गाडी परत पहिल्या गिअरमधून काढावी लागते. आणि पाच मिनिटांच्या स्पॉटसाठी पाच मिनिटं भरून लिहू नका. साडेतीन-चार मिनिटांचं मटेरियल पुरे. उरलेला वेळ लोकांच्या हसण्याचा, आणि ते हसले नाहीत तर तुमच्या श्वासाचा. घरी पाच मिनिटं भरणारा सेट घेऊन गेलात तर वेळ पुरणार नाही ही भीती आधीच मानेवर बसते. वेग वाढायला तेवढं कारण पुरतं.

शांततेचे प्रकारही ओळखायला शिका. एक शांतता ऐकण्याची: कुणी हलत नाही, उचललेला ग्लास हवेतच राहतो, चेहरे तुमच्याकडे. अशा वेळी जोक पडला तरी काही बिघडलेलं नसतं. लोक तुमच्यासोबत आहेत, त्यांना फक्त हसण्यासारखं मिळालं नाही. काही न बोलता पुढे चला. दुसरी शांतता सुटलेल्या लोकांची. ती खरं तर शांत नसतेच: खुर्ची करकरते, कुजबुज सुरू होते, चार-पाच चेहऱ्यांवर फोनचा निळा उजेड पडतो. तिथे मात्र काहीच घडलं नाही असं दाखवून पुढचा जोक रेटला तर तुम्ही आणखी एकटे पडता. लोकांना तुमची काळजी वाटायला लागते, आणि ज्याची काळजी वाटते त्याच्यावर मोकळेपणाने हसता येत नाही. म्हणून जे झालंय ते एकदा, हलक्या आवाजात, स्वतःवर घेऊन बोलून टाका. "हा जोक मी वहीतून खोडला होता. वहीचं बरोबर होतं." बस, एवढंच. हे सेटमध्ये एकदाच चालतं. दर जोकनंतर असं केलंत तर तुम्ही कॉमेडी न करता स्वतःच्या पडण्याचं धावतं समालोचन करताय.

या जागी नवखे जे हमखास करतात ते मात्र करू नका: "झोपलात का सगळे?", "इथे जोक होता बरं का". जे आले आहेत, पुढे बसून ऐकताहेत, त्यांना मागच्यांच्या वाटणीचं बोलणं खावं लागतं. होस्ट म्हणून सांगते, हे वाक्य आलं की पुढच्या कॉमिकची दोन मिनिटं खोली परत सैल करण्यात जातात. त्याचा शाप वेगळाच.

सुरुवातीबद्दल थोडंच सांगते. माइक स्टँडमधून काढणार असाल तर तो रिकामा स्टँड उचलून मागे ठेवा. पुढ्यात ठेवला तर सेटभर कुंपणामागून बोलल्यासारखं दिसतं. "कसे आहात सगळे?" हे होस्टने तीनदा विचारून झालेलं असतं, तुम्ही चौथ्यांदा विचारू नका. पहिला पंच पहिल्या तीस सेकंदांच्या आत यायला हवा, कारण तुम्ही बरे आहात ना एवढंच लोक तोवर बघत असतात. आणि मुख्य म्हणजे आपला नंबर येईपर्यंत खोलीत बसा.

हे शेवटचं मी फार महागात शिकले. एका शोला मी बाहेर पॅसेजमध्ये येरझारा घालत ओळी घोकत होते. नाव पुकारल्यावर आत गेले, पहिल्या रांगेत एक जोडी दिसली, आणि माझ्याकडे लग्नावर तयार बिट होती. "किती वर्षं झाली लग्नाला?" खोली इतक्या जोरात हसली की मला वाटलं आज आपला दिवस आहे. मग त्यातला मुलगा म्हणाला, "अहो, बहीण आहे माझी." होस्टने दहा मिनिटांपूर्वी हाच प्रश्न विचारून, हेच उत्तर मिळवून, त्यावर हशा घेऊन झाला होता. माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. इथवरही ठीक होतं, मीही हसले असते तर सुटले असते. पण मी काय केलं? "बरं, पण लग्न म्हटलं की..." म्हणत पाठ केलेली बिट तशीच पुढे चालवली. चुकीबद्दल लोकांनी मला केव्हाच माफ केलं होतं. त्यांचं बोलणं माझ्या कानावरच पडत नाही हे दिसल्यावर मात्र ते गेले, आणि शेवटपर्यंत परत आले नाहीत.

त्यामुळे क्राउड वर्क शिकावं का, याला माझं उत्तर: शिका, पण आत्ता नाही, आणि करायचंच असेल तर एका प्रश्नापुरतं. फोनवर दिसणाऱ्या क्लिपांमुळे असं वाटतं की कॉमिक स्टेजवर येतो आणि समोरच्यांशी गप्पा मारत तासभर हसवतो. ती चाळीस सेकंदांची क्लिप कित्येक शोंमधून निवडलेली असते. ज्या वेळी समोरच्याने नुसतं "हो" म्हटलं आणि खोली थंड पडली, त्याची क्लिप कुणी टाकत नाही. क्राउड वर्क फसलं की परत यायला लिहिलेला, चालणारा जोक लागतो. तुमच्याकडे तसे दोन तरी आहेत का ते आधी बघा.

त्या एका प्रश्नाचं तंत्र सांगते. असा प्रश्न निवडा ज्याचं कुठलंही उत्तर आलं तरी तुमची गाडी त्याच रुळावर येईल. माझी उशिरा उठण्यावर एक बिट आहे. तिच्याआधी मी विचारते, "इथे पहिल्या गजराला कोण उठतं?" एखादा हात वर आला तर, "बघा, हातसुद्धा पहिल्याच हाकेला वर आला." एकही आला नाही तर, "कुणीच नाही? की हातही पाच-पाच मिनिटं करत वर येणार आहेत?" दोन्ही वाक्यं घरी लिहिलेली आहेत, दोन्हींनंतर बिटची तीच पहिली ओळ येते. लोकांना ते जागच्या जागी सुचल्यासारखं वाटतं. तिसरंच काही उत्तर आलं, म्हणजे कुणी म्हणालं "मी गजर लावतच नाही", तर मी ऐकते, हसते आणि पुढे जाते. खरंच काही सुचलं तर बोलते. सुचलंच पाहिजे अशी सक्ती स्वतःवर ठेवत नाही. हा एक प्रश्न वीस-पंचवीस वेळा विचारून झाला की मग दुसरा.

आता तो ओरडणारा. मध्येच बोलणारे सगळे शत्रू नसतात. निम्म्यांना वाटतं ते तुम्हाला मदत करताहेत. एका गृहस्थांनी माझे सलग तीन पंच माझ्या आधी मोठ्याने ओळखून दाखवले होते, शो संपल्यावर भेटायला आले आणि "मजा आली ना?" म्हणाले. काही टेबलं आपापसात बोलत असतात, त्यांना आपला आवाज तुमच्यापर्यंत येतोय हेच माहीत नसतं. क्षणभर थांबून तिकडे बघितलं तरी ती गप्प होतात. काही प्यायलेले असतात. त्यांच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. मुद्दाम पाडायला आलेला फार क्वचित भेटतो.

पहिल्यांदा कुणी ओरडलं आणि ते जेमतेम दोन टेबलांना ऐकू गेलं असेल तर सरळ सोडून द्या. सगळ्या खोलीने ऐकलं असेल तर सोडता येत नाही, कारण लोक आता तुमच्याकडे बघताहेत. अशा वेळी तो जे बोलला ते माइकवर, शांतपणे, पुन्हा म्हणा. पुढच्या रांगांना बहुतेक नीट ऐकू आलेलं नसतं, त्यांना कळतं. तुम्हाला विचार करायला दोन सेकंद मिळतात. आणि तुम्ही ऐकताय, घाबरलेले नाही, हेही दिसतं. मग सौम्य काहीतरी, शक्यतो स्वतःवर. तुमच्या प्रसंगात: "'पुढचा बोलवा.' दादा, मलाही तेच हवंय. दीड मिनिट उरलंय, दोघं मिळून काढू." भन्नाट नाही, पण चालतं. त्याला शत्रू न करता तुम्ही त्याला आपल्या बाजूला बसवलंत.

तशी ही मागणी जुनीच आहे. लंडनमध्ये १९७९ साली 'कॉमेडी स्टोअर' हा क्लब सुरू झाला तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला की निवेदक गाँग, म्हणजे मोठी घंटा, वाजवून कलाकाराला खाली उतरवायचा. तुमच्या वाट्याला नुसता एक माणूस आला, गाँग नव्हता.

पाठ केलेल्या तोडीस तोड वाक्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. एक तर ती वाक्यं उष्टी असतात, लोकांनी ती दहा कॉमिकांकडून ऐकलेली असतात. दुसरं, ती बहुतेक समोरच्याच्या दिसण्यावर, कपड्यांवर, सोबतच्या बाईवर असतात. सुरुवातीला खोली तुमच्या बाजूची असते, कारण व्यत्यय त्याने आणलेला असतो. पण त्याने चिमटा काढला आणि तुम्ही कानाखाली वाजवलीत तर लोक त्या क्षणी त्याच्याकडे जातात. फार टोकाचं उदाहरण द्यायचं तर मायकल रिचर्ड्स. टीव्हीवरच्या विनोदी भूमिकेमुळे घराघरांत माहीत असलेला नट. नोव्हेंबर २००६ मध्ये हॉलिवूडच्या 'लाफ फॅक्टरी' या कॉमेडी क्लबमध्ये काही जणांनी मध्ये बोलून त्याला अडवलं, तेव्हा तो त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्या देत सुटला. कुणीतरी ते फोनवर टिपलं, दोनेक दिवसांत जगभर झालं. टीव्हीवर माफी मागूनही उपयोग झाला नाही, पुढे त्याने स्टँड-अपच सोडलं. आपण कुणी रिचर्ड्स नव्हे, पण फोन मात्र आता प्रत्येकाच्या हातात आहे. माझा नियम साधा आहे: राग आला असेल तर उत्तर द्यायचं नाही, पुढचा जोक सांगायचा. दोनदा बोलूनही माणूस थांबत नसेल तर होस्टकडे बघा. त्याला समजावणं किंवा बाहेर काढणं हे होस्टचं आणि जागेच्या लोकांचं काम आहे, पाच मिनिटांच्या स्पॉटवाल्याचं नव्हे.

सेट पूर्णच पडला तर? शेवटचा जोक नेहमी ठरलेला आणि तुमच्याकडचा सगळ्यांत भरवशाचा ठेवा. काही झालं तरी त्यावर उडी मारता आली पाहिजे. वेळ संपत आल्याचा लाइट दिसला की मधलं सगळं सोडून थेट तिथे. चार मिनिटांतच उतरलात तर कुणी रागावत नाही, होस्ट तर मनातून खूशच होतो. वेळेपेक्षा जास्त रेंगाळलात की मात्र नाव लक्षात राहतं, आणि ते बरं नव्हे. "सॉरी, आज जमलं नाही" म्हणून उतरू नका. "धन्यवाद" म्हणा, माइक स्टँडला लावा, होस्टशी हात मिळवा.

घरी गेल्यावर वहीत 'प्रेक्षक थंड' असं लिहायचं नाही. रेकॉर्डिंग ऐका आणि प्रत्येक पंचपुढे तीनपैकी एक खूण करा: हसले, हसले पण मी कापलं, हसले नाहीत. मधल्या खुणा किती आहेत ते बघून तुम्हाला धक्का बसेल. जोक बदलण्याआधी तो निदान तीन वेगळ्या खोल्यांत म्हणून बघा. आणि बदलाल तेव्हा एका वेळी एकच गोष्ट बदला, शब्द किंवा जागा किंवा थांबा. नाहीतर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

राहिला मित्रांचा प्रश्न. आत्ता टोळी आणू नका. ते तुम्हाला ओळखतात म्हणून सेटअपलाच, म्हणजे पंचाआधीच्या तयारीच्या ओळींनाच, हसतात, पंचच्या आधी टाळ्या देतात, आणि तुमचं रेकॉर्डिंग निकामी होतं. शिवाय बाकीच्या लोकांना ते कळतं. आपण दुसऱ्याच्या घरच्या कार्यक्रमात येऊन बसलोय असं त्यांना वाटतं. एकालाच आणा. त्याला सगळ्यांत मागे बसवा आणि कुठला जोक आवडला ते विचारू नका. त्याने फोन नेमका कधी बाहेर काढला, तेवढं विचारा.